माझ्या लायसन्सला ओपन सोर्स म्हणायचं की नाही? (कन्नड उतारा देवनागरीत करायचं टूल)

उताराबहाद्दर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज भांडण घेऊन आलोय.

गाव खानापूर तालुक्यात, सध्या मुक्काम बेळगावात टिळकवाडी. गेली दोन वर्षं रविवारी-रविवारी बसून एक टूल केलंय. आपल्याकडं जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतोय, आमचा आज्जा कन्नड फाडफाड बोलतोय पण वाचायला एक अक्षर येत न्हाई, मग उतारा हातात पडला की कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाकडं जायचं, त्यानं नावं मराठीत लिहून द्यायची आणि ५० रुपये घ्यायचे, गर्दी असली तर १००. एकदा त्यानं आमच्या चुलत आज्ज्याचं नावच भलतं लिहिलं आणि घरात आठ दिवस महाभारत. तिथनं डोक्यात किडा शिरला.

युनिकोडात, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला नंबर द्यायच्या पद्धतीत, कन्नड आणि देवनागरीचे तक्ते एकमेकांसमोर मांडून ठेवल्यासारखे आहेत, कन्नड 'क' च्या नंबरातनं ८९६ वजा केले की आपला 'क' मिळतोय, म्हणून मला वाटलं दोन तासांचं काम. पण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा, त्यामुळं शिंद्यांचं 'शिंदॆ' व्हायला लागलं, आणि अशा भानगडी निस्तरण्यातच दोन वर्षं गेली. असो.

गेल्या आठवड्यात कोड नेटवर टाकला, वर 'ओपन सोर्स' लिहिलं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी येऊन लिहून गेलं की हे ओपन सोर्स नाही, शब्द काढा. लायसन्स मी स्वतः लिहिलंय, मराठीत, चारच ओळी. पहिली, कोड कुणीही बघावा, बदलावा, फुकट वाटावा. दुसरी, पैसे घेणाऱ्या एजंटांनी वापरायचा नाही. तिसरी, फक्त सीमाभागातल्या मराठी माणसांनी आणि संस्थांनी वापरायचा. चौथी, बदल केला तर ३० दिवसांत मला मेल करायचा.

सोर्स उघडा आहे, एक रुपया घेत नाही, मग ओपन सोर्स नाही म्हणजे काय की? सांगा.

उद्यमबागवाला
सोर्स दिसतोय म्हणजे ओपन सोर्सच झालं की. लोकांना काम नाही. तू नको लक्ष देऊस, लिंक टाक, आमच्या वडिलांना पाहिजे हाय.

मच्छे_ते_पुणे
बहाद्दरा, टूल झकास आहे, आधी ते सांगतो. पण तो माणूस बरोबर आहे, आणि तो मी नाही 😄

'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ मध्ये ठरवून आणलेला आहे आणि त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह, म्हणजे ओएसआय, उभी राहिली. त्यांची व्याख्या दहा कलमांची आहे, ती मुळात डेबियन नावाची लिनक्स बनवणाऱ्या मंडळींनी १९९७ मध्ये स्वतःसाठी केलेल्या नियमांवरून घेतली, दोन्हीच्या मागे ब्रूस पेरेन्स हा प्रोग्रामर. त्या दहांत सोर्स दिसला पाहिजे हे फक्त एक कलम आहे. बाकीची सगळी त्या सोर्सचं काय करता येतं याबद्दल. कोड बघायला मिळतो पण हात बांधलेले, त्याला 'सोर्स अव्हेलेबल' म्हणतात, वेगळा शब्द आहे.

तुझी दुसरी ओळ सहाव्या कलमात अडकते. कुठल्याही कामासाठी वापरायला मनाई करता येत नाही, धंदाही त्यातच आला, व्याख्येत धंद्याचं उदाहरण नाव घेऊन दिलंय. तिसरी ओळ पाचव्या कलमात, माणसांत आणि गटांत भेद करायचा नाही. आणि पहिल्या ओळीतलं 'फुकट वाटावा' पण बघ, फुकटच वाटावा असा अर्थ असेल तर पहिल्या कलमातही अडकतोस. विकायला मनाई चालत नाही.

उद्यमबागवाला
विकायला मनाई चालत नाही?? मग फुकट कसलं?

मच्छे_ते_पुणे
अण्णा, फुकट आणि मोकळं यातच तर सगळा घोळ आहे. जीपीएल नावाच्या ओपन सोर्स लायसन्सचा प्रोग्राम सीडीवर घालून तुम्ही गणपत गल्लीत हजार रुपयाला विका, चालतंय. फक्त ज्यानं घेतला त्याला सोर्स द्यायचा आणि त्यानं पुढं फुकट वाटला तर अडवायचं नाही.

शहापूरची_सुमा
आमच्या घरात माग होते त्यामुळं मला हे पटकन कळालं. साडी दुकानात टांगलेली सगळ्यांना दिसत्येच, पण तीच नक्षी उतरवून आपल्या मागावर घातली की भांडण सुरू. दिसणं वेगळं आणि विणायला परवानगी असणं वेगळं.

बहाद्दर, कन्नड अंकांसाठी कोडात बदल करून पॅच मी पाठवला होता ना, मला वाटलं एमआयटी-बिमायटी असलं ओपन सोर्स लायसन्स असेल. लायसन्स वाचलंच नाही, माझीपण चूक.

वकीलमामा_चिकोडी
चर्चा रंगली आहे म्हणून दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे 'साहित्यकृती'त धरलेले आहेत. त्यामुळे कोड लिहिल्याबरोबर हक्क लिहिणाऱ्याचा, नोंदणी लागत नाही. दुसऱ्याला जे काही करता येते ते परवानगीने, आणि लायसन्स म्हणजे ती परवानगी. बरेच जण लायसन्सची फाइलच ठेवत नाहीत आणि 'नेटवर टाकलंय म्हणजे सगळ्यांचं' असे समजतात. उलट आहे. काहीच लिहिले नाही तर काहीच दिले नाही.

आता तुमची दुसरी ओळ. एजंट म्हणजे कोण? पतसंस्थेतला कारकून सभासदाला उतारा वाचून देतो आणि पतसंस्था फी घेते, तो एजंट? मी अशिलाला वाचून देतो, मी एजंट? कोर्टात उभे राहिलात तर पहिला प्रश्न हाच येईल, आणि तुमच्या चार ओळींत उत्तर नाही.

उताराबहाद्दर
मामा, तुम्ही एजंट नाही हो, तुम्ही वकील 🙏 पण कळतंय की सगळ्यांना, कोण ते.

वकीलमामा_चिकोडी
तुम्हाला कळते. कागदाला कळत नाही.

गोकाकची_सून
तिसऱ्या ओळीबद्दल बोलायचंय. मी निपाणीची मराठी, दिली गोकाकला, नवरा कन्नड, सासू कन्नड, पोरं घरात दोन्ही बोलतात आणि भांडताना तिसरीच कायतरी. जमीन सासऱ्यांच्या नावावर. मी टूल वापरलं तर चालतंय, नवऱ्यानं माझ्या मोबाइलवर बटण दाबलं तर चालत नाही काय? मराठी माणूस ठरवणार कोण, रेशन कार्डावर तर लिहीत नाहीत.

निपाणी_एक्सप्रेस
आणि सीमाभाग म्हणजे कुठला ते पण सांग. महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांची यादी धरायची काय? आमचा आत्तेभाऊ चंदगडला असतो, म्हणजे महाराष्ट्रात, पण जमीन बेळगाव तालुक्यात, उतारा कन्नड, त्याला तर तुझ्या टूलची सगळ्यात जास्त गरज आणि तोच बाहेर 😂

उताराबहाद्दर
मान्य, लिहिताना एवढा विचार केला नव्हता. पण मंडळी, भावना समजून घ्या की. १९५६ पासनं आपण कागद वाचता येत न्हाई म्हणून रांगेत उभारतोय, वाटलं निदान एक वस्तू तरी फक्त आपली असू दे.

मच्छे_ते_पुणे
भावना शंभर टक्के समजते रे. पण हाच नियम उलटा लावून बघ. उद्या कुणी कन्नड माणसानं झकास ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणारं टूल, लिहिलं आणि लायसन्समध्ये घातलं की मराठी लोकांनी वापरायचं नाही, तर तुझ्या टूलला उताऱ्याच्या फोटोवरनं मजकूर मिळणार कुठनं? पाचवं कलम आहे म्हणून तुला ते वापरायला मिळतंय. जो आपल्याला आवडत नाही त्यालाही तेवढंच मिळालं पाहिजे, व्याख्येतला सगळ्यात टोचणारा भाग तोच आहे.

हेतू चांगला असला तरी सूट नाही. जेसॉन या डेटा लिहायच्या पद्धतीच्या कोडचं जुनं लायसन्स बघ, त्यात एकच वाक्य जास्तीचं, सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाइटासाठी नको. विनोद वाटतो, पण डेबियन आणि फेडोरा ही दुसरी लिनक्स, दोघंही ते लायसन्स घेत नाहीत, कारण वाईट म्हणजे काय हे ठरवणार कोण. तुझा एजंट तसाच.

आणि मेलवाली चौथी ओळ. डेबियनवाल्यांची 'निर्जन बेटाची कसोटी' म्हणून एक आहे. माणूस बेटावर अडकलाय, कॉम्प्युटर आहे, नेट नाही. त्याला लायसन्स पाळून कोड बदलून शेजाऱ्याला देता आला पाहिजे. मेल करायची सक्ती असली की तो नापास.

खानापुरी_काजू
बेटावर कशाला जाताय, जुलैमध्ये कणकुंबीला या. आठ-आठ दिवस लाइट नाही, नेटवर्क तर देवाला माहीत. मी तिथं बसून कोड बदलला तर ३० दिवसांनी गुन्हेगार काय?

वकीलमामा_चिकोडी
आणि देव करो आणि तुम्ही शंभर वर्षे जगा, पण कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. तेव्हा मेल कोणाला करायचा?

उद्यमबागवाला
मामा 😆😆

बरं पण मला एक सांगा, मोठ्या कंपन्या पण असंच करतात की. आमच्या पोरानं सांगितलं मोंगोडीबी या डेटाबेसवाल्या कंपनीनं पण लायसन्स बदललं.

बेंगळूर_रिटर्न
होय, त्यांनी २०१८ मध्ये एसएसपीएल नावाचं नवं लायसन्स काढलं. हे उदाहरण चांगलंय कारण वरवर ते फार पुण्यवान दिसतं. म्हणणं काय, तर आमचा डेटाबेस कुणी सर्व्हिस म्हणून विकत असेल तर त्यानं त्या सर्व्हिसचा झाडून सगळा सोर्स उघडा करावा, बॅकअप, मॉनिटरिंग, सगळंच. दिसायला जास्तच ओपन. पण प्रत्यक्षात ती अट एका प्रकारच्या धंद्याला गाळायला घातलेली, कारण तेवढं सगळं उघडं करणं कुणाला परवडतच नाही. ओएसआयकडं मंजुरीला दिलं होतं, २०१९ च्या मार्चमध्ये स्वतःच मागं घेतलं. इलास्टिक ही सर्च सॉफ्टवेअरवाली कंपनी २०२१ मध्ये त्याच वाटेनं गेली, रेडिस हा डेटाबेस २०२४ मध्ये, आणि मजा म्हणजे दोघांनीही पुढं एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय परत आणला. मधल्या काळात रेडिसच्या जुन्या ओपन कोडचा फाटा फुटून वाल्की तयार झालं ते झालंच.

हॅशिकॉर्प या सॉफ्टवेअर कंपनीनं २०२३ मध्ये बीएसएल हे लायसन्स घेतलं, ते आणखी वेगळं. आज बंधन, आणि ठरलेल्या तारखेला, जास्तीत जास्त चार वर्षांनी, ती आवृत्ती ओपन सोर्स होणार. त्याला मी उसाच्या बिलासारखं म्हणतो, मिळणार हे खरं पण आज हातात काय नाही. आज ओपन सोर्स आहे काय असं विचारलं तर उत्तर नाही.

शहापूरची_सुमा
मग नुसतं नाव बघून कसं ओळखायचं? मला प्रत्येक वेळी दहा कलमं लावत बसायला वेळ नाही.

मच्छे_ते_पुणे
ताई, माझी पद्धत सांगतो. वरच्या माहितीपानावर काय लिहिलंय ते वाचायचंच नाही, तिथं सगळेच ओपन असतात. थेट लायसन्सची फाइल उघडायची. त्यातलं नाव ओएसआयच्या यादीत आहे काय बघायचं, एमआयटी, अपाची, बीएसडी, जीपीएल वगैरे, शंभराच्या वर आहेत पण रोजच्या कामात दहाएक भेटतात. मग मजकूर खाली शेवटपर्यंत सरकवायचा. कारण वर अपाची लिहून खाली 'कॉमन्स क्लॉज' चिकटवणारे लोक आहेत, त्यात विकायचा हक्क काढून घेतलेला असतो, म्हणजे वरचं नाव नुसतं तोरण. 'नॉन-कमर्शियल', 'शैक्षणिक वापरासाठी', 'इतक्या युजरपर्यंत' असलं काही दिसलं की तिथंच थांबायचं. मेटाच्या लामा २ या एआय मॉडेलच्या लायसन्समध्ये ७० कोटी युजरची मर्यादा होती, मेटा ओपन सोर्स म्हणत राहिली आणि ओएसआयनं जाहीर सांगितलं की नाही.

आणि डाउनलोड केलेली वस्तू आणि सोर्स यांचं लायसन्स एकच असेल असं धरायचं नाही. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड एडिटरचा सोर्स एमआयटीखाली आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं जो तयार प्रोग्राम उतरवता तो त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या लायसन्सखाली. म्हणून तर नुसत्या त्या सोर्सवरनं बांधलेलं व्हीएसकोडियम आलं.

निपाणी_एक्सप्रेस
मायक्रोसॉफ्ट आलं म्हणजे ओपन असणारच नाही 😏

बेंगळूर_रिटर्न
तसं नाही भावा. २००७ मध्ये ओएसआयनं मायक्रोसॉफ्टची दोन लायसन्सं मंजूर केली. कोण देतंय ते बघत नाहीत, काय लिहिलंय ते बघतात. आणि उलट पण होतं, नासाचं एक लायसन्स ओएसआयच्या यादीत आहे, पण स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फौंडेशनला ते मान्य नाही. दोन पंचांचा निकाल बहुतेक वेळा जुळतोय, नेहमी नाही.

खानापुरी_काजू
एक शंका. 'ओपन सोर्स' हा शब्द रजिस्टर आहे काय? नसेल तर बहाद्दरानं लिहिला तर कोण काय करणार?

वकीलमामा_चिकोडी
ट्रेडमार्क नाही, ओएसआयला तो मिळाला नाही, शब्द फार सर्वसाधारण पडला. त्यामुळे दावा कोणी ठोकणार नाही. पण बेळगावचा कुंदा म्हणून पुडीत खवा-साखर बांधून दिली तर पोलीस येत नाहीत, गिऱ्हाईक परत येत नाही.

उताराबहाद्दर
मामा 🙏🙏

ठीक हाय, दुसरी-तिसरी-चौथी ओळ गेली समजा. मग त्या टेबलवाल्याला मोकळं रान? मी दोन वर्षं रविवार घालवायचे आणि त्यानं माझंच टूल लावून १०० रुपये घ्यायचे?

मच्छे_ते_पुणे
खरं सांगू? होय, घेऊ शकतो. एजीपीएल लावलंस तर त्यानं कोड बदलून वेबसाइटवर चालवला तर वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागेल. पण टेबलावर लॅपटॉप ठेवून स्वतःच चालवला तर कुठलंच ओपन सोर्स लायसन्स त्याला अडवत नाही. अडवायचंच असेल तर अडव, तुझा कोड आहे, गुन्हा नाही. फक्त 'ओपन सोर्स' शब्द काढ, 'सोर्स अव्हेलेबल' लिही, कुणी काही म्हणणार नाही.

गोकाकची_सून
मला काय वाटतंय सांगू, टेबलवाल्याचे १०० रुपये लायसन्सनं बंद होत नाहीत. तुमच्या आज्जाच्या नातवाच्या मोबाइलवर टूल आलं की बंद होतात. अटी जेवढ्या घालाल तेवढ्या मोबाइलवर ते पोचणार नाही. एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या दुकानात तर घेणारच नाहीत.

शहापूरची_सुमा
बरोबर.

आणि एक, मी आत्ता रेपो, म्हणजे कोडचं फोल्डर, नीट चाळली. त्यात नावांची यादी आहे ना, आडनावं आणि गावं, कन्नड आणि देवनागरी समोरासमोर, चार हजारच्या आसपास ओळी. फाइलच्या डोक्यावर लिहिलंय 'शैक्षणिक वापरासाठीच'. ती कुणाची? तू कोडला एजीपीएल लाव नाहीतर आणखी काय लाव, ही फाइल आत आहे तोवर सगळं पुडकं ओपन सोर्स होत नाही.

उताराबहाद्दर
ती आमच्या गुरुजींची. शाळेत कन्नड शिकवायचे, रिटायर झाल्यावर बसून हातानं लिहून काढली, मी टाइप केली. 'शैक्षणिक' त्यांनीच घालायला सांगितलं, त्यांना वाटलं तसंच लिहायची पद्धत हाय.

शहापूरची_सुमा
गुरुजी मराठी काय?

उताराबहाद्दर
नाही, कन्नड. बैलहोंगलकडचे.

शहापूरची_सुमा
म्हणजे तुझ्या तिसऱ्या ओळीप्रमाणं ज्यांनी यादी केली त्या गुरुजींनाच टूल वापरता येत नाही.

निपाणी_एक्सप्रेस
😶

खानापुरी_काजू
बहाद्दर गायब झाला वाटतं.

मच्छे_ते_पुणे
असू दे, बहाद्दर येईल. तोवर फॉन्ट पण तपासला, टूलमध्ये 'मुक्त' नावाचा फॉन्ट घातलाय, तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, काळजी नाही. त्या लायसन्समध्ये नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही अशी अट आहे तरी ओएसआयला ते मान्य आहे, कारण कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर बांधून विकता येतो आणि पहिलं कलम तेवढंच मागतं. कलमं शब्द धरून वाचायची ती यासाठी.

उताराबहाद्दर
(तीन दिवसांनी)
मंडळी, गायब नव्हतो, रविवारी गुरुजींकडं जाऊन आलो. फोनवर विचारायची लाज वाटली.

तिसरी ओळ त्यांना वाचून दाखवली. चष्मा काढून हसले, म्हणाले, 'मग मी कुठल्या रांगेत उभारू रे?' मला काय बोलावं कळेना. मग यादीचं विचारलं, शैक्षणिक काढलं तर चालेल काय, कुणी धंद्यात वापरली, विकली तर. म्हणाले, 'विकू दे की, यादी काय संपत्येय काय? नाव तेवढं ठेव, आणि चुकलेलं दुरुस्त केलं तर मी केलं म्हणून सांगू नको म्हणावं.' मामांनी सांगितल्यासारखं कागदावर लिहून सही घेतली, कन्नडमध्येच केली त्यांनी सही.

तर यादी सीसी बाय ४.० खाली, म्हणजे नाव ठेवून कुणीही वापरावी, आणि कोड एजीपीएल ३. सुमाताई, तुमच्या पॅचला हरकत नाही ना, लेखी पाहिजे म्हणतात. जुन्या चार ओळी काढल्या. मेल करा म्हणून विनंती ठेवलीय माहितीपानावर, लायसन्सात नाही.

टेबलवाल्याचं अजून पोटात दुखतंय, खोटं कशाला बोलू.

शहापूरची_सुमा
हरकत नाही. रेपोत तसं लिहून टाकलंय.

मच्छे_ते_पुणे
आता शब्द ठेव की, ओपन सोर्स. आणि लायसन्सचा मूळ इंग्रजी मजकूर शब्द न हलवता तसाच ठेव, मराठी भाषांतर पाहिजे तर वेगळ्या फाइलीत, समजायला म्हणून.

उद्यमबागवाला
लिंक मिळाली, वडिलांचा उतारा टाकला. सगळं बरोबर आलं, फक्त 'कुद्रेमनी'चं 'कुद्रॆमनी' झालंय, त्या 'द्रे' वर कायतरी वेगळंच चिन्ह दिसालंय. हे कुठं कळवायचं?

उताराबहाद्दर
अय्यो, परत तोच ऱ्हस्व ए! शिंद्यांच्या शेवटच्या अक्षरात पकडला होता, मधल्या जोडाक्षरात सुटलाय बघा. उतारा इथं टाकू नका अण्णा, सर्व्हे नंबर असतोय त्यात. नुसता तो शब्द कन्नडमध्ये पाठवा, रात्री बघतो.